शाळिग्रामाची ऊर्जा संपते का?

आमच्या देव्हाऱ्यातल्या शाळिग्रामाची ऊर्जा संपत आली आहे, असे मला गेल्या महिन्यात एका ऊर्जातज्ज्ञाने सांगितले. हे गृहस्थ ओळखीच्यांकडच्या वास्तुशांतीत भेटले होते, आणि 'ताई, एकदा येऊन पाहतो, फी नको' असे म्हणून एका रविवारी खरोखरच आमच्या साताऱ्यातल्या घरी हजर झाले. त्यांच्याजवळ लेचर अँटेना नावाचे उपकरण होते, म्हणजे इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली धातूची दांडी. ती दोन्ही हातांनी धरून ते देव्हाऱ्यासमोर उभे राहिले, दांडी जराशी कलली, त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि एक आकडाही सांगितला. नवा, जागृत शाळिग्राम ते 21,000 रुपयांत मिळवून देणार होते. जुना माहुलीच्या संगमावर सोडून द्यायचा होता. मी त्यांना चहा दिला आणि निरोप दिला.

रागवायचा विषय तिथेच संपला असता. पण शाळिग्रामात ऊर्जा वगैरे काही नसते असे ठणकावून सांगायला माझीही जीभ रेटत नाही, कारण तो दगड हातात घेतला की मला काहीतरी होते, आणि ते गेली पन्नास वर्षे होत आले आहे.

मोठ्या आवळ्याएवढा, काळा कुळकुळीत, एका बाजूला बोटाचे टोक जाईल एवढी खोबण आणि तिच्या आत चक्राचे वळसे, असा तो आहे. आमच्याकडे शाळिग्रामाला बायकांनी शिवायचे नाही असा दंडक होता. आजी पहाटे उठून गंध उगाळायची, तुळशीची पाने निवडायची, समईची वात सारखी करायची, आणि मग बाजूला होऊन आजोबांची पूजा पाहत बसायची. एका पावसाळ्यात आजोबा तापाने अंथरुणाला खिळले, वडील नोकरीनिमित्त सांगलीला होते, आणि घरात मुंज झालेला कोणीच नव्हता. दोन दिवस तिने वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती ओलेत्याने देव्हाऱ्यापुढे बसली, 'देव पारोसा राहायचा नाही माझ्या घरात' असे पुटपुटली आणि तिने तो उचलला. पळीने पाणी घातले, खोबणीत साठलेले पाणी तिरका करून काढले, पुसला, आणि ताम्हण कोरडे करेपर्यंत माझ्या ओंजळीत ठेवला. मी आठ वर्षांची असेन. 'दोन्ही हातांनी धर,' ती म्हणाली, 'आणि आजोबांना सांगू नकोस.' मला वाटले होते त्यापेक्षा तो कितीतरी जड आणि गार होता. मुलीने शिवल्यावर देव कोपतो म्हणजे नेमके काय होते, याची मी संध्याकाळपर्यंत धास्तीने वाट पाहिली. काही झाले नाही. तिन्हीसांजेला आजोबांचा ताप मात्र उतरला, त्याचे श्रेय आजीने बिनदिक्कत देवाला दिले.

माझी भाची पुण्यात भूशास्त्र शिकते. दिवाळीत ती भिंग घेऊन बसली आणि तिने मला सांगितले की, हे चक्र म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याच्या शंखाचा ठसा आहे. माकुळाच्या नात्यातला हा प्राणी शंखाच्या टोकाच्या खोलीत राहत असे आणि मागच्या रिकाम्या खोल्यांतल्या हवेवर पाण्यात तरंगत असे. सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वी, हिमालय अजून नव्हता आणि त्या जागी टेथिस समुद्र होता तेव्हा, असे असंख्य शंख तळाच्या काळ्या चिखलात रुतले आणि त्यांच्याभोवती चिखल घट्ट होऊन गोटे बनले. पुढे सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड आशियाला भिडला, समुद्राचा तळ उचलला जाऊन पर्वत झाला, आणि तो पर्वत कापत निघालेली काली गंडकी नदी नेपाळात मुक्तिनाथाच्या परिसरात हे गोटे आजही वाहून आणते. काही शाळिग्रामांत दिसणारी सोनेरी झाक पायराइट या लोहखनिजाची असते. हे ऐकून माझी भक्ती कमी झाली का, असे तिने भीतभीत विचारले. उलट मला आजीची धांदल आठवून हसू आले. तिच्या 'पारोशा' देवाने 15 कोटी वर्षांत किती आंघोळी केल्या असतील!

त्याहून मोठी गंमत पुढे होती. आमच्या खिडकीतून जो अजिंक्यतारा दिसतो, त्याचा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा, आणि तो वाहिला सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी. पृथ्वीवरचे अमोनाइट डायनासोरांबरोबर नाहीसे झाले ते त्याच सुमारास. म्हणजे ज्या काळात त्याच्या कुळाचा शेवट झाला, त्याच काळाच्या दगडावर बांधलेल्या घरात तो प्राणी देव होऊन बसला आहे. आपल्या लाव्ह्याच्या खडकात जीवाश्म सापडत नाहीत. डोंगरावरून कोणी नेच्याच्या पानाची नक्षी उमटलेला दगड आणून दाखवतो, ती बहुतेक वेळा मँगनीजची खनिज-नक्षी असते. आपल्याकडे सापडतात ते विहिरी आणि खाणींतले स्फटिक, लाव्ह्यातल्या पोकळ्यांत गरम पाण्यातून तयार झालेले. तेही आता 'ऊर्जा' म्हणून विकले जातात, आणि आमच्या या गृहस्थांच्या पिशवीतही चार होते.

ऊर्जा दगडातच असती, तर ती सर्वांना आणि सर्वकाळ जाणवायला हवी होती. आपल्या जिल्ह्यात गावोगाव वीरगळ आहेत: खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरांनी वीराला वर नेणे, सर्वांत वर तो शिवपिंडीसमोर बसलेला, माथ्यावर चंद्र-सूर्य. गावासाठी किंवा गुरांसाठी मेलेल्या माणसाची ती आठवण. प्राचीन वस्तूत प्राण असतो असे मानले तर याहून हक्काची जागा कोणती? माझ्या आजोळी असा एक वीरगळ ओढ्याच्या काठी आडवा पडलेला होता आणि आम्ही सगळ्या जणी त्यावर धुणे आपटत होतो. कोणाच्या अंगावर कधी काटा आला नाही, कारण वीराचे नाव आणि त्याची गोष्ट गाव विसरले होते. त्याच गावात दुसऱ्या एका फुटक्या वीरगळाला कोणीतरी कधीतरी शेंदूर फासला होता. तो म्हसोबा झाला, आणि त्याच्यासमोरून जाताना आम्ही चपला काढत होतो. दोन्ही दगड एकाच काळ्या जातीचे होते.

याच्या उलट अनुभव मला 2024 मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून आलेली वाघनखे पाहायला मी रांगेत उभी होते. ती शिवाजी महाराजांनीच वापरली असा निर्णायक पुरावा नसल्याचे त्या संग्रहालयाने स्वतःच म्हटले आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, असताना त्याला ती भेट मिळाली, अशी त्या वाघनखांची कहाणी आहे. माझ्या पुढचे धोतरातले वृद्ध गृहस्थ काचेसमोर आले, टोपी काढली, हात जोडले, आणि मागून पुढे सरका असे कोणी म्हणेपर्यंत हलले नाहीत. त्यांना तो वाद ठाऊक नव्हता असे मी समजत नाही. वाघनखे कोणाच्याही हातातली असोत, त्या माणसाच्या छातीत जे हलले ते महाराज होते. त्याला खोटे म्हणण्याचा अधिकार मला नाही, आणि त्यावरून वस्तूची सत्यता ठरवण्याचा अधिकार त्या गृहस्थांना नाही.

म्हणून मला दोन्ही बाजूंचा सारखाच वीट येतो. 'दगड तो दगड' म्हणून हसणाऱ्यांनी आपल्या आईची मोडकी चष्म्याची डबी का जपून ठेवली आहे ते एकदा सांगावे. पण त्यांचे हसणे फुकट तरी असते. दांडी कलवून आकडा सांगणारा माणूस माझ्या आजीचा स्पर्श मोजल्याचा आव आणतो आणि तो कमी पडला म्हणून पैसे मागतो. शिवाय ज्या परंपरेच्या नावावर तो जगतो ती त्याला माहीतही नाही. मूर्तीची प्राणप्रतिष्ठा करावी लागते, शाळिग्रामाची करावी लागत नाही. त्याला आवाहन नाही आणि विसर्जनही नाही. जे बाहेरून भरलेच नाही ते संपेल कसे, एवढे तरी त्याने एखाद्या भटजींना विचारायचे होते.

दिवाळीतली एक गोष्ट भाचीला मी अजून सांगितलेली नाही. भिंग लावण्यापूर्वी ती म्हणाली होती, 'आत्या, बाजारात कोरलेले नकली शाळिग्रामही मिळतात हं, वाईट वाटून घेऊ नकोस.' मग ती खोबणीत डोळा लावून बराच वेळ गप्प बसली. आपला खरा आहे हे तिने सांगितले तेव्हा मला आनंद झाला, नाही कशाला म्हणू. पण ती गप्प होती तेवढ्या वेळात, नकली निघाला तरी उद्या सकाळी याला आंघोळ घालायची हे माझे ठरून गेले होते.