सांगलीला पोलादी कमान हवी असेल तर…

पूल मागायचा असेल तर गरज सांगत बसू नका, चित्र दाखवा. खाली कृष्णा, वर पोलादाची पांढरीशुभ्र कमान, रात्री जांभळे दिवे. आयर्विन पुलाच्या दगडी कमानींचं कौतुक पुरे झालं. १९२९ पासून उभा आहे आणि त्याला साधा रंगही लागत नाही. ज्यावर दरवर्षी बिल काढता येत नाही, त्याला विकास कसं म्हणायचं?

निवेदन द्यायला जाताना शांघायच्या लुपू पुलाचा फोटो न्या. २००३ साली खुला झालेला, कमानीचा गाळा, म्हणजे दोन पायांमधलं अंतर, ५५० मीटर. ‘आपलं पात्र एवढं रुंद कुठंय?’ असं एखादा अभियंता म्हणेलच. त्याला म्हणावं, महापुरात या.

मग नावाचा वाद सुरू करा. तो पुलाआधी पूर्ण व्हायला हवा. जोडरस्त्याच्या जमिनीचं नंतर बघू. कमान उभी राहिली की उद्घाटनाचा नारळ फोडायला रस्ता लागत नाही, फ्लेक्सला जागा लागते.

आता पुलाचं तब्येतपाणी. अशा पुलात रस्ता बहुधा कमानीला केबलींनी टांगलेला असतो. भारानं कमानीचे दोन्ही पाय बाहेर सरकू पाहतात, त्यांना रस्त्याच्याच पातळीतली तुळई आवळून धरते. म्हणजे केबली, त्यांची टोकं, जोड, बोल्ट हे सगळं दरवर्षी कुणीतरी वर चढून, उघडून बघायचं. असला उद्योग करू नका. तैवानमधला नानफांगआओचा कमानपूल १९९८ साली बांधलेला. १ ऑक्टोबर २०१९ ला कोसळला, सहा माणसं गेली. केबली आवरणाच्या आत गंजल्या होत्या, बाहेरून काही कळत नव्हतं. आपण यातून एवढंच घ्यायचं की बाहेरून रंग चांगला असावा. (तपासणीचा अहवाल लागलाच तर मागच्या वर्षीचा असतो की. तारीख बदलायची.)

नागरिक म्हणून तुमचाही वाटा आहे. निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून पुलावरूनच सोडा, घाटाच्या पायऱ्या उतरायचे कष्ट कशाला. मावा खाल्लात तर केबलीच्या बुडाशीच थुंका. कोलकात्याच्या हावडा पुलाला कमान नाही, पण तिथल्या लोकांनी एवढं थुंकून दाखवलं की रस्ता टांगणाऱ्या दांड्यांची पोलादी आवरणं झिजली आणि बुडाला फायबरग्लासचं कवच चढवावं लागलं. आपण सांगलीकर काय कमी आहोत?

पावसाळ्यात मात्र जपून. ‘आयर्विनला पाणी किती फूट?’ हा प्रश्न अख्खं गाव विचारतं, आणि ४० ला इशारा, ४५ ला धोका हे शेंबडं पोरही सांगतं. २०१९ ला पाणी ५७ फुटांपुढे गेलं, तेव्हा गावात होड्या फिरल्या. एवढा चोख हिशेब ठेवणारी पट्टी नव्या पुलावर रंगवू नका. लोकांनी हट्टच धरला तर ४५ चा आकडा चार-पाच फूट वर सरकवून रंगवा. धोक्याची पातळी गाठायला पाण्यालाही जरा कष्ट पडू देत.