‘बिबटे उचला आणि ताडोबात सोडा’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार दादा,

उसातल्या बिबट्यांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच झोडपलंय. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही शिरूर तालुक्यातले बागायतदार, मळ्यात घर, घरात शाळेत जाणारी पोरं. ‘बिबट्या आता उसाचाच रहिवासी आहे’ असं पुण्यात पंख्याखाली बसून लिहिणं सोपं आहे, असं तुमचं म्हणणं. अभ्यास होतात जंगलात आणि माणसं मरतात मळ्यात. सगळे बिबटे धरून ताडोबात नेऊन सोडा, नाही जमत तर गोळ्या घाला. नसबंदी वगैरे सगळं नाटक. आणि शेवटी, ‘तुम्हा प्राणिप्रेमींना आमच्या लेकरांपेक्षा जनावर प्यारं.’

शेवटचं आधी घेतो, कारण ते लागलं. तुमच्याच तालुक्यात, पिंपरखेड-जांबुतच्या शिवारात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अवघ्या तीन आठवड्यांत तीन जीव गेले. त्यातली दोन लहान मुलं. लोकांनी वनखात्याची गाडी जाळली, पुणे-नाशिक रस्ता रोखला. खुरपायला निघालेल्या बायकांच्या गळ्यात खिळे ठोकलेले पट्टे होते, ते फोटो तुम्हीही पाहिले असतील, मीही पाहिले. असा पट्टा घालून ज्या बाईला स्वतःच्याच शेतात वाकावं लागतं, तिला ‘सहजीवना’चे चार शब्द सुनवायला जाणाऱ्याची मलाही चीड येते. तेव्हा तुमच्या रागाशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते तुम्ही सुचवलेल्या उपायाशी, कारण तो तुमच्याच पोरांच्या जिवावर उठणारा आहे. हे मी हवेत बोलत नाही. हा उपाय करून झालाय, आणि तोही तुमच्याच भागात.

२००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात नेमकं हेच केलं गेलं. शेतवस्तीतून पकडलेले २९ बिबटे सरासरी चाळीसेक किलोमीटर लांबच्या जंगलांत नेऊन सोडले. त्यामागे वाईट हेतू कुणाचाच नव्हता. जनावर जंगलातलं, जंगलात नेऊन सोडलं की प्रश्न मिटला, असंच तेव्हा सगळ्यांना वाटायचं. मिटला मात्र नाही. त्याआधी वर्षाला माणसांवर सरासरी चार हल्ले व्हायचे, ते सतरावर गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हल्ला झालेल्यांशी, पाहणाऱ्यांशी बोलून याचा माग काढला, तेव्हा जिथे बिबटे सोडले त्या जंगलांच्या आसपासच हल्ले वाढल्याचं दिसलं. शिवाय हल्ल्यांत माणूस दगावण्याचं प्रमाणही वाढलं होतं. म्हणजे एका गावाचा बिबट्या दुसऱ्या गावाच्या उरावर बसला, आणि आधीपेक्षा वाईट होऊन बसला.

असं का होतं, हे तुमच्यासारख्या जनावरं पाळणाऱ्याला मी काय सांगावं? बाजारातून आणलेली म्हैस नव्या गोठ्यात दोन-चार दिवस कशी बिथरलेली असते ते आठवा. बिबट्याचं त्याहून वाईट. पिंजऱ्यात आदळआपट करून दात तुटलेले, नखं उखडलेली, भोवती माणसांचा गलका, मग ट्रकमधून प्रवास, आणि शेवटी अशा मुलखात दार उघडतं जिथे पाणी कुठे, आडोसा कुठे, कुत्री कुठल्या वस्तीवर, यातलं काहीच त्याला ठाऊक नसतं. स्वतःच्या हद्दीत वर्षानुवर्षं माणसाला चुकवत जगलेलं जनावर तिथे माणसाच्या पुढ्यात येतं. बरं, ती जागा रिकामी थोडीच असते? तिथले बिबटे त्याला हुसकतात. ताडोबात तर वर वाघ बसलेत, आणि वाघ बिबट्याला सोडत नाही. मग हा निघतो परत घराकडे, वाटेतल्या प्रत्येक गावाची झोप उडवत.

‘आजोबा’ची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला हा नर. बाहेर काढून, गळ्यात ठावठिकाणा कळवणारी जीपीएस कॉलर घालून त्याला माळशेज घाटात सोडलं. तिथे तो थांबला नाही. जवळपास १२० किलोमीटर चालत, हमरस्ते आणि रेल्वे ओलांडत, पार मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या नागला भागात जाऊन पोचला. त्या वाटेत त्याने कुणाला ओरखडाही काढला नाही, हे खरं आहे आणि प्राणिप्रेमी मंडळी तेवढंच सांगतात. माझ्या मते त्यातली कामाची गोष्ट वेगळी आहे: आपण ज्याला ‘सोडण्याची जागा’ म्हणतो ती त्याने मानलीच नाही. त्या खेपेला जनावर शांत निघालं म्हणून निभावलं.

आता ‘अभ्यास जंगलातले’ या मुद्द्याकडे येतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात ट्रॅप कॅमेरे (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे) लावून जी मोजणी झाली ती उसात, मक्यात, वस्त्यांच्या मधल्या पायवाटांवर झाली. चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात असा तो भाग. तिथे १०० चौरस किलोमीटरमागे पाचच्या आसपास पूर्ण वाढलेले बिबटे निघाले, आणि जवळपास तेवढेच तरस. कॉलर लावलेल्या माद्यांचा वावर दहा-पंधरा चौरस किलोमीटरमध्ये आटपत होता, म्हणजे तुमच्या आणि शेजारच्या गावाचं शिवार धरलं तर संपलं. दिवसा उसात गप पडून राहायचं आणि माणसं निजली की घरांच्या जवळून फिरायचं. यांतले कित्येक जन्मल्यापासून जंगलात गेलेलेच नसतात. तुमच्याकडे कुकडी प्रकल्पाचं पाणी पाटातून आलं, आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा राहायला लागला, आणि मादीला पिल्लं वाढवायला लागतो तेवढा काळ, म्हणजे दीड वर्षभराचा आडोसा, आपसूक तयार झाला. बिबटे वाढले नाहीत असं मी कुठेही लिहिलेलं नाही. ऊस, पाणी आणि कुत्री एवढं मिळाल्यावर न वाढतील तरच नवल.

कुत्र्यांचं जरा सविस्तर सांगतो, कारण यावर कुणी बोलत नाही. त्याच अकोले तालुक्यात बिबट्यांची विष्ठा तपासून ते काय खातात ते काढलं. वजनाच्या हिशेबात ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. त्याखालोखाल पाळीव मांजरं, आणि शेळ्या फक्त ११ टक्के. गंमत म्हणजे त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या! शेळी मिळाली तर बिबट्या नको थोडीच म्हणणार आहे, पण शेळी रात्री आत कोंडलेली असते आणि कुत्रं उकिरड्यावर मोकळं असतं, एवढाच फरक. आता तुमच्या गावाबाहेर मेलेल्या कोंबड्या कुठे टाकतात ते बघा. पोल्ट्रीवाला पोतं ओढ्याच्या काठावर उलटं करतो, त्यावर वीस-पंचवीस कुत्री पोसली जातात, आणि कुत्र्यांच्या मागे कोण येतं हे वेगळं सांगायला नको. हा पोल्ट्रीवाला बहुतेक वेळा आपल्याच भावकीतला असतो, म्हणून ग्रामसभेत विषय निघत नाही. वनखात्याला शिव्या घालणं त्यामानाने सोपं.

गोळ्या घाला, या मुद्द्यावर माझं मत तुम्हाला वाटतं तितकं लांबचं नाही. माणसाला मारून त्याच भागात पुन्हा मारणारा बिबट्या असेल आणि तो ओळखता येत असेल, तर त्याला ठार करावं. बिबट्या अनुसूची एकमध्ये, म्हणजे सगळ्यांत जास्त संरक्षण असलेल्या यादीत, असला तरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ११ माणसाच्या जिवाला धोका असेल तेव्हा ही परवानगी देतं. पिंपरखेडनंतर तसं झालंही. प्रश्न आहे तो ‘ओळखता येत असेल’ यात. हल्ल्यानंतर लोक म्हणतात पिंजरे लावा, दहा-बारा पिंजरे लागतात, आत शेळी बांधतात. पिंजऱ्यात जो येतो तो त्या शेळीला भुललेला कुणीही असतो. कधी शेजारच्या फडातली म्हातारी मादी, कधी आईपासून नुकता सुटलेला पोरगेला नर. फोटो छापून येतात, ‘नरभक्षक जेरबंद’, गाव निवांत होतं, मुलं पुन्हा संध्याकाळी अंगणात खेळायला लागतात. खरा आरोपी मात्र अजून उसातच असतो. हा निवांतपणा मला पिंजऱ्याबाहेरच्या बिबट्यापेक्षा जास्त भीतीचा वाटतो. धरलेल्यांना ठेवायचं कुठे, हाही प्रश्न आहेच. जुन्नरजवळचं माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र काही अख्ख्या जिल्ह्याचे बिबटे पोसायला बांधलेलं नाही. आणि एक हद्द मोकळी झाली की ती धरायला दुसरा येतो, त्यातही बहुधा तरुण, अनुभव नसलेला.

नसबंदीबद्दल तुम्ही ‘नाटक’ म्हणालात. मर्यादित प्रयोग करून बघायला माझी हरकत नाही, कारण नसबंदी झालेली मादी हद्द धरून बसते आणि पिल्लं होत नाहीत. पण ती भूक लागल्यावर खातेच, आणि रात्री अंगणातूनही जाते. संख्येवर त्याचा परिणाम दिसायचा तर बऱ्याच माद्या धराव्या लागतील आणि काही वर्षं थांबावं लागेल. यंदाच्या हंगामात तुमचा पोरगा शाळेत सुखरूप जाण्याशी त्याचा संबंध नाही. तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर आहे.

मग यंदाच्या हंगामात काय? इथे मी दोन गोष्टी धरून बसलोय, आणि दोन्ही तुमच्या वस्तीवरच्या आहेत.

पहिली म्हणजे तोडणी. उसाला कोयता लागला की बिबट्याचं घर रोज चार-पाच सरींनी आत सरकत जातं. आमच्या मामाच्या फडात तोड चालू असताना पाचटात तीन पिल्लं सापडली. डोळे नुकते उघडलेले, मुठीत मावतील एवढी तोंडं, आणि एवढ्याशा जिवाचं ते फिस्कारणं. टोळीतल्या एका बाईने पदरात घ्यायला हात पुढे केला तसा मुकादम ओरडला. अर्ध्या तासात बांधावर शंभर माणसं आणि तेवढेच मोबाइल. मामाला पिल्लं गाडीत घालून वनखात्याच्या ऑफिसात पोचवायची होती, तेही भल्यासाठीच. वनपाल आले, त्यांनी ती तिथेच ठेवायला लावली. टोमॅटोच्या कॅरेटमध्ये पाचट घालून पिल्लं आत, कॅरेट सापडली त्या जागेपाशी, वर हलकं झाकण, समोर कॅमेरा, आणि अंधार पडल्यावर माणूसप्राणी रानात दिसता कामा नये. रात्री मादी आली. कॅमेऱ्यात दिसतं, आधी लांबून चक्कर मारली, मग पंजाने झाकण उडवलं आणि एकेकाला मानेला धरून घेऊन गेली. पिल्लं उचलून नेली असती तर ती त्याच फडाभोवती घिरट्या घालत राहिली असती, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच फडात टोळी कोयते घेऊन उतरणार होती. टोळीची बिऱ्हाडं फडाच्या कडेलाच, कोप्यांना, म्हणजे त्यांच्या झोपड्यांना, दार नसतं, पोरं उघड्यावर निजलेली. बिबट्याच्या चर्चेत या लोकांचं नाव क्वचितच निघतं, कारण ते तुमच्या गावचे मतदार नाहीत आणि माझे वाचकही नाहीत. टोळी उतरवताना कारखान्याने आणि मालकाने मिळून कोप्या गावठाणालगत, उजेडात बसवल्या, तर त्यात फार खर्च आहे असं मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट रात्रीच्या लाइटची. पंपाची थ्री-फेज वीज रात्री येणार म्हटल्यावर दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, माणूस रात्रीच जाणार, एका हातात खोरं, दुसऱ्या हातात बॅटरी. बिबट्याची फिरायची वेळ आणि तुमची पाणी द्यायची वेळ एकच होऊन बसते. दिवसा शेतीला वीज ही मागणी शेतकरी संघटना वर्षानुवर्षं करतायत. सौर फीडरची, म्हणजे शेतीच्या वीजवाहिन्या सौरऊर्जेवर चालवायची, योजना त्यासाठीच आणली, काही गावांत ती पोचली, बऱ्याच गावांत नाही. बिबट्याच्या मोर्चात मी घोषणा ऐकतो त्या पिंजऱ्याच्या आणि गोळीच्या. ज्या गावांत हल्ले झाले त्या फीडरना आधी दिवसाची वीज द्या, ही मागणी मोर्चात पहिल्या नंबरला का नसावी, हे मला खरंच कळलेलं नाही.

गोठ्याला वरूनही जाळी मारणं, घराला लागून असलेला दोन-तीन सरी ऊस न लावणं, दिवेलागणीनंतर पोरांना एकट्याने परसात न पाठवणं, हे तुम्ही करत असालच. तुम्हाला ते शिकवायला बसलो तर पंख्याखालचा टोमणा मला लागू पडेल.

मला तुमच्याकडून एक माहिती हवी आहे. तुमच्या फीडरवर या महिन्यात रात्रपाळी कोणत्या वारांना आणि किती वाजता असते, आणि गेल्या वर्षभरात गावात बिबट्या दिसल्याच्या किंवा जनावर मारल्याच्या तारखा कुणी लिहून ठेवल्यात का? तलाठ्याकडे किंवा वनरक्षकाकडे पंचनामे असतील. दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघायच्या आहेत. इथेच खाली लिहिलंत तरी चालेल.