अर्धांगवायूच्या रुग्णाला ‘काही करू देऊ नका’ म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

‘अर्धांगवायू झालेल्यांसाठी सहा नियम’ हा मेसेज गेले काही महिने फिरतोय. नातेवाइकांच्या ग्रुपवर दिसला तेव्हा मी सोडून दिला. पण आता माझ्या मावशीने तो प्रमाण मानून काकांची थेरपी बंद केली आहे. काकांची उजवी बाजू गेली आहे. मावशी त्यांना घास भरवते, अंघोळ घालते, शर्टाची बटणंही तीच लावते. वर फोनवर समाधानाने सांगते, “मी त्यांना इकडची काडी तिकडे करू देत नाही.” मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे जेवण, कपडे, अंघोळ अशी रोजची कामं रुग्णाला पुन्हा स्वतः करायला शिकवते. आता गप्प बसवत नाही.

‘रुग्णाला पूर्ण आराम द्या, सगळं हातात द्या, हीच खरी सेवा.’ सगळ्यात जास्त नुकसान या पहिल्या नियमाने होतं. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर जो हात वापरला जात नाही, तो न वापरण्याची मेंदूला सवय लागते. पुढे थोडी हालचाल परत आली तरी माणूस तो हात पुढे करत नाही. सांधे आखडतात, खांदा धरतो. आणि ज्या माणसाने जन्मभर घर चालवलं, त्याच्याकडे दिवसभरात स्वतःचं म्हणून एकही काम उरलं नाही तर त्याच्या मनाचं काय होतं? झटका आलेल्यांपैकी साधारण तीनांत एकाला नैराश्य येतं. त्यात आपण त्याला आणखी बाहुल्यासारखं बसवून ठेवायचं?

एक मान्य करते. पहिल्या २४ तासांत रुग्णाला पुन्हा पुन्हा उठवून चालवायची घाई करू नये. २०१५ साली दोन हजारांहून जास्त रुग्णांवरच्या ‘अवर्ट’ चाचणीत अशा घाईने नुकसान दिसलं. पण तो प्रश्न हॉस्पिटलातल्या पहिल्या दिवसांचा आहे. त्याच्या आधारावर घरी आलेल्या माणसाला महिनोन्‌महिने खाटेला खिळवून ठेवता येत नाही.

स्वतः करणं म्हणजे काय, तर शर्टाचंच घ्या. पाय जमिनीला टेकतील अशा, हात असलेल्या खुर्चीत बसायचं. शर्ट मांडीवर पसरायचा. लुळा हात बाहीत आधी घालायचा, बाही खांद्यापर्यंत ओढून घ्यायची, मग चांगला हात. काढताना उलट: चांगला आधी, लुळा शेवटी. एका हाताने बटणं जमत नसतील तर वरची दोन सोडून बाकीची लावूनच ठेवायची आणि शर्ट डोक्यातून घालायचा. सुरुवातीला खूप वेळ लागतो. तेवढा वेळ शेजारी बसून नुसतं बघणं मावशीला जड जातं, ते मला समजतं. पण काकांची थेरपी त्या वेळातच होते.

मेसेजमधला आणखी एक नियम म्हणतो, ‘सगळं मनावर आहे, रुग्णाने ठरवलं तर हात उचलतो.’ आधी काही करू देऊ नका, मग करत नाही म्हणून दोषही त्यालाच! काका जेवायला टाळाटाळ करतात, ते काही इच्छा मेली म्हणून नाही. उजवा हात चालत नाही आणि डाव्या हाताने चारचौघांत जेवायची लाज वाटते. त्यात सपाट ताट गुळगुळीत टेबलावर सरकतं. शरीर, मन आणि जागा, तिन्ही एकाच घासात अडकलेली आहेत. खोलगट वाडगा, जाड मुठीचा चमचा, खाली ओला नॅपकिन आणि सुरुवातीचे दिवस फक्त घरच्यांबरोबर जेवण, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

डावी बाजू गेलेल्या काही रुग्णांचं तर वेगळंच असतं. ताटातली भाजी-आमटी संपते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर तशीच राहते. घरचे म्हणतात, कोशिंबीर आवडेनाशी झाली. खरं तर डोळे ठीक असूनही मेंदू डावीकडे लक्षच देत नाही. ताट फिरवून द्या, खातात. अशा माणसाला ‘मनावर घ्या’ म्हणून रागावणं क्रूरपणा आहे.

‘ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे मणी ओवणं, परदेशी फॅड.’ हे फॅड परळच्या केईएम रुग्णालयात १९५० पासून शिकवलं जातंय. कमला निंबकर यांनी तिथे हा अभ्यासक्रम सुरू केला. मेरी लॉ आणि त्यांच्या कॅनडातल्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडलं की माणूस, त्याची जागा आणि त्याचं काम यांचा मेळ जितका बसतो तितकं काम नीट होतं. आम्ही रोज तोच मेळ बसवत असतो. उपयोग होतो का? अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात झटक्यानंतरच्या ९ चाचण्या आणि ९९४ रुग्ण होते. जेवण, कपडे, अंघोळ अशा कामांवर ही थेरपी मिळालेल्यांना ती कामं जास्त जमू लागली, परावलंबी होण्याची शक्यताही कमी झाली. पुराव्याचा दर्जा कमी असल्याचं त्या आढाव्यातच म्हटलंय, तेही सांगते. पण मेसेजकडे तेवढाही पुरावा नाही.

‘दिवसभर चेंडू दाबा.’ बऱ्याच रुग्णांची मूठ आधीच घट्ट आवळलेली असते, अडतं ते बोटं उघडताना. थेरपिस्टला विचारल्याशिवाय चेंडू देऊ नका. ‘कबुतराचं रक्त चोळा.’ नका चोळू. मेंदूतली इजा कातडीवर रक्त लावून भरत नाही. त्या नादात झटक्यानंतरचे पहिले साडेचार तास हॉस्पिटलात न पोचता गेले, तर मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शनही हुकतं.

‘सहा महिन्यांनंतर सुधारणा होत नाही, पैसे घालवू नका.’ पहिल्या काही महिन्यांत सुधारणेचा वेग जास्त असतो, हे खरं. नंतर तो मंदावतो, पण दार बंद होत नाही. शिवाय उंबरठ्याशी दांडी बसवायला, भारतीय शौचालयावर कमोडची खुर्ची ठेवायला, बादली जमिनीवरून स्टुलावर घ्यायला कुठली मुदत आहे? हात आहे तसा राहिला तरी माणूस स्वतः अंघोळ करू लागतो.

पैशांचा प्रश्न खरा आहे. मुंबईत केईएम, नायर आणि सायन, नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, इथे ऑक्युपेशनल थेरपीचे विभाग आहेत आणि खासगीपेक्षा खर्च कितीतरी कमी येतो. जाताना फोनवर पलंगाचा, न्हाणीघराचा, संडासाचा आणि जेवायच्या जागेचा फोटो काढून न्या. पलंगाची उंचीही मोजून न्या. रुग्ण आधी काय काम करायचा आणि आता त्याला स्वतःला कोणतं एक काम परत करायचंय, ते घरी विचारून ठेवा. मावशीलाही मी आज हेच सांगितलं आहे.