हो, ट्रॅकच आहे. मग?

आज माझे यासो फसले. म्हणजे 800 मीटर दहा वेळा पळायचं, मॅरेथॉन चार तासांत हवी असेल तर प्रत्येक 800 चार मिनिटांत, आणि मधे चार मिनिटं जॉग. बार्ट यासो नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी काढलेलं खूळ आहे, त्यांना ठाण्याचा दमटपणा कुठे माहीत. पहिलं 4:02, दुसरं 4:09, आणि मग काका आले.

कानटोपी, हाफ स्वेटर, हातातल्या कापडी पिशवीत दुधाच्या दोन पिशव्या, आणि सगळा ट्रॅक मोकळा पडलेला असताना चालायला नेमकी लेन एक, सगळ्यात आतली. मागून येणाऱ्याने 'ट्रॅक!' असं ओरडलं की पुढच्याने बाजूला व्हायचं अशी पद्धत आहे, म्हणून मी ओरडलो. काका थांबले, वळले. "हो, ट्रॅकच आहे. मग?"

तिसरं 800 तिथेच मेलं.

"कशासाठी एवढं पळताय?"

"मुंबई मॅरेथॉन आहे ना काका, जानेवारीत. 42 किलोमीटर."

"कुठून कुठे?"

"सीएसटीहून पेडर रोड चढून पार माहीमपर्यंत, आणि परत सीएसटी."

"सीएसटीहून सीएसटीलाच? मग निघायचं कशाला?"

काय सांगणार? म्हटलं मेडल मिळतं.

"आणि पैसे?"

"ते आपणच भरायचे."

काकांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली, मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि आवाज उतरवून विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

मी गुपचूप लेन चारला गेलो. चिडून तरी काय उपयोग, आम्ही पळायचं कुठे? तलावपाळीला गर्दी, येऊरच्या चढावर गाड्या अंगावर येतात, घोडबंदरला धूळ खायची, आणि आमच्या टॉवरच्या ब्रोशरमधला 'जॉगिंग ट्रॅक' जनरेटरला वळसा घालून 90 पावलांत संपतो. त्याचा मेंटेनन्स मात्र दर महिन्याला पळत येतो.

असो. सहावं 4:38. मधला जॉग कागदावरच, मी कमरेवर हात ठेवून नुसता उभा. सातव्याला पोटरी धरली, बसलो बाटली घेऊन. काका घाम पुसत आले.

"किती राउंड झाले?"

सहा दुणे बारा. "बारा."

"अरे वा, माझेपण बाराच!" हात मिळवला वर. त्यांच्या दुधाच्या पिशव्या अजून गारच असतील.

घरी आल्यावर लाईट बिलाच्या मागे हिशोब मांडला. 400 मीटर भरतात ते लेन एकमध्ये, चारमध्ये राउंड साधारण 423 चा पडतो, म्हणजे 800 च्या नावाखाली मी 846 पळत होतो. हे 46 मीटर सरळ काकांच्या खात्यावर! मग 4:38 चे होतात 4:23.

उरलेले 23 सेकंद कोणाच्या खात्यावर टाकायचे, हे बघतोय.