पत्त्यापुरता तालुका

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा तोच विषय पेटलाय. नगर जिल्ह्याचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं, विभाजन झालं तर मुख्यालय श्रीरामपूरला की संगमनेरला? मी ते जपानमधल्या तोकुशिमा शहरात बसून वाचते आणि मला इथून तासाभरावरचं कामिकात्सु हे गाव आठवतं.

कात्सुउरा नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरउतारांवर विखुरलेल्या वाड्या. क्षेत्र सुमारे ११० चौरस किलोमीटर, त्यात जवळजवळ नव्वद टक्के जंगल. वस्ती दीड हजाराच्या आत. आपल्याकडे एवढ्या वस्तीला एक ग्रामपंचायत मिळते, आणि साध्या कामासाठी सरपंच पंचायत समितीत खेटे घालतो. कामिकात्सुला निवडून आलेला प्रमुख आहे, सभागृह आहे, शाळा त्याच्याच ताब्यात, रहिवाशांच्या उत्पन्नावरचा करही तेच घेतं. वर थेट तोकुशिमा प्रीफेक्चर, म्हणजे प्रांत. पत्त्यात 'कात्सुउरा गुन' लिहितात, पण गुन म्हणजे आपला तालुका धरला, तर तो फक्त टपालापुरता. त्याची कचेरी १९२६ मध्येच बंद झाली.

डायऑक्सिनचे, म्हणजे कचरा जाळताना निघणाऱ्या विषारी द्रव्याचे, नियम कडक झाले तेव्हा गावाला कचरा जाळायच्या भट्ट्या बंद कराव्या लागल्या. नव्या भट्टीचा खर्च झेपणारा नव्हता. मग गावाने कचरा वेगळा करायचं ठरवलं, आणि २००३ मध्ये सभागृहाने 'शून्य कचरा' जाहीर केलं. आज चाळीसहून जास्त प्रकारांत वर्गीकरण होतं, घंटागाडी नाही, लोक कचरा स्वतः केंद्रावर आणतात. सुमारे ऐंशी टक्के कचऱ्याचा पुनर्वापर होतो. हे कुठल्या वरच्या कचेरीने सांगितलं नव्हतं.

पैसा मात्र मोठ्या प्रमाणात तोक्योकडून, म्हणजे केंद्र सरकारकडून, येतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्यातल्या मोठ्या हिश्श्यावर कशासाठी खर्च करा अशी अट नसते. आपल्या पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीतला साठ टक्के भाग पाणी-स्वच्छतेला बांधून दिला. वर २०२२ मध्ये मुदत संपल्यावर कित्येक जिल्हा परिषदांत वर्षानुवर्षं प्रशासक बसले. त्याबद्दल ग्रुपवर एवढा आवाज मी कधी ऐकला नाही, आणि याचाच मला राग येतो.

कामिकात्सुतही सगळं छान नाही. १९५५ मध्ये दोन खेडी जोडून ते झालं, तेव्हा सहा हजारांवर माणसं होती. आता निम्म्याहून जास्त पासष्टीच्या पुढची आहेत. १९९९ नंतर जपानने ३,२३२ पालिका सतराशेच्या घरात आणल्या, तेव्हाही हे गाव कुणात विलीन झालं नाही. तरुण तरीही निघून गेले.

मामांनी काल माझं मत विचारलं. मी लिहिलं, मुख्यालय कुठेही होऊ दे, आपल्या ग्रामपंचायतीला तिथून कोणता अधिकार मिळणार आहे ते सांगा.