काकांना साउंड कळत नाही म्हणे

डोकं फिरलंय म्हणून लिहून राहिलो, लांबलं तर लांबलं. आज काकांना घेऊन प्रतापनगरला एका मित्राकडे गेलो होतो, त्याने नवीन डॅक (डिजिटल फाईलचा आवाज करणारी डबी) अन् हेडफोन घेतले म्हणून. काका नागपूरच्या महाल भागातले, जन्म गेला रेडिओ आणि कॅसेटवर, आता मोबाईलच्या स्पीकरवर ऐकतात. तर हा मित्र भाऊ म्हणतो, "काका, याला ऐकणं नाही म्हणत, तुम्हाला साउंड कधी कळलाच नाही." काहून बाप्पा? सत्तरीच्या माणसाशी असं बोलतात?

मग त्याने एका बुवांच्या जुन्या मैफलीची, टेपवरून केलेली 24 बिट 96 किलोहर्ट्झची, म्हणजे लई बारकाईने नोंदवलेली फाईल लावली. साउंडस्टेज बघा, म्हणजे कोण कुठे बसून वाजवतो ते, तबल्याची जागा बघा, सुरूच. काका डोळे मिटून बसले, थोड्या वेळाने हेडफोन काढला, म्हणाले, "बुवांचा आवाज असा पातळ नव्हता रे, ही टेप जास्त वेगाने पळून राहिली." त्याला पटेचना. शेवटी मीच प्लेअरमध्ये स्पीड पिचसकट 4 टक्के कमी केला आणि काय सांगू, आवाज जागेवर बसला, खर्ज भरला. टेप 6 टक्के पळाली असती तर काळी एकचा गवई पांढरी दोनवर, म्हणजे पेटीच्या लगेच पुढच्या पट्टीवर गेला असता राजेहो! अन् हा तेच ऐकून तबल्याची जागा शोधून राहिला होता.

काकांनी आकाशवाणी मीडियम वेव्हवर ऐकली, तिथे साडेचार-पाच किलोहर्ट्झच्या वरचं फारसं काही पोचतच नाही, तरी गळा ओळखायला ते तिथेच शिकले. 96 किलोहर्ट्झच्या फाईलमध्ये त्याच्या निम्म्या, 48 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो, तरण्या कानाचीही हद्द 20. वरचं कोणासाठी वाजवतो बे?

हां, बास फुगवलेल्या ब्लूटूथ स्पीकरवर शब्द गिळले जातात आणि फार दाबलेल्या एमपीथ्रीत टाळ पाण्यात बुडवून वाजवल्यासारखे येतात, हे त्याचं खरं आहे. पण केबल बदलली की आवाज उघडतो म्हणे! मग कोणती केबल लावली ते न बघता ओळखून दाखव ना. आणि दोन्हीकडे व्हॉल्यूम मोजून सारखा ठेव, अर्धा-एक डेसिबल जास्त वाजलं तरी माणसाला तेच भारी वाटतं. यावर भाऊ चहाचं विचारायला आत गेला.

माणूस वाईट नाही तो. रात्र रात्र जागून जुन्या मैफली जमवतो, असे लोक नसते तर कितीतरी गाणं बुरशी लागलेल्या टेपांतच संपलं असतं. म्हणून तर जास्त लागलं मला. एवढं करतो, मग काकांसारख्या माणसाला शेजारी बसवून विचारायला काय जातं? ती टेप पळतेय हे त्या खोलीत फक्त काकांना कळलं होतं.

तुमच्यापैकी कोणी घरच्या मैफलींच्या कॅसेट डिजिटल करून राहिले असाल तर एक करा. फाईल ग्रुपवर टाकायच्या आधी, त्या गवयाला समोर बसून ऐकलेला एखादा म्हातारा माणूस गाठा आणि त्याला ऐकवा, मोबाईलवर ऐकवली तरी चालेल. तो पट्टी बरोबर आहे म्हणाला की मगच टाका.