म्हणे, ‘सही करा अन् घरी जा’

“मनपाची शाळा फुकट आहे, हिशेब विचारू नका. न शिकलेल्याला शाळेतलं काय कळतं? सही करा अन् घरी जा. जास्त बोलाल तर पोराला काढून टाकतील.” नागपुरातल्या पालकांच्या ग्रुपांवर हे फिरतंय. आमच्या मावशीनंही ते खरं मानलं, शाळेच्या व्यवस्थापन समितीत असून बैठकीला जाणार नाही म्हणते. आता उत्तर देणं भाग आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम २१ काढा. सरकारी, मनपा, जिल्हा परिषदेच्या शाळेत व्यवस्थापन समिती हवीच. त्यात किमान ७५ टक्के पालक, ५० टक्के बाया. अनुदान कुठं खर्च झालं यावर लक्ष ठेवणं हे समितीचं काम म्हणून तिथंच लिहिलंय. म्हणजे हिशेब विचारायलाच कायद्यानं बसवलंय. समग्र शिक्षा या सरकारी शाळा-योजनेतून मिळणाऱ्या शाळा अनुदानातले किमान १० टक्के स्वच्छतेवर लावायचे असतात. नळ कोरडा असेल तर त्याच १० टक्क्यांची बिलं मागा.

आता ते ‘काय कळतं’. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. ६० मुलं जेवली तर ६ किलो तांदूळ, १ किलो २०० ग्रॅम डाळ, ३ किलो भाजी. गंजात वरण आहे की पिवळं पाणी, हे रोज रांधणाऱ्या बाईला सांगायला पदवी लागते काय? गडबड हजेरीत दडते: जेवतात ४०, खर्ची पडतं ६० जणांचं. म्हणून आधी वर्गातली डोकी मोजा, मग नोंदवहीतला आकडा पाहा, शेवटी कोठीतली पोती. हा क्रम उलटा केला तर आकडा जुळवून ठेवायला वेळ मिळतो.

बऱ्याच समित्या कागदावरच असतात, हे कबूल. बैठकीचं कोरं रजिस्टर सहीसाठी घरोघरी फिरतं, ठराव मागाहून लिहिला जातो. तर सहीआधी ठराव वाचा, येत नसेल तर पोराकडून वाचून घ्या. मोकळ्या जागेवर रेघ मारा, पानाचा फोटो काढा. तास चालू असताना वर्गात शिरून मॅडमशी भांडू नये, हेही बरोबर. पण पोराची हजेरी अन् प्रगती पालकांना सांगणं कलम २४ नं शिक्षकांवरच टाकलंय.

राहिलं काढून टाकणं. कलम १६ प्रमाणे आठवी होईपर्यंत कोणत्याच मुलाला शाळेतून काढता येत नाही.